बाटलीतला कापूस

आज आमच्या एचआयव्ही उपचार केंद्रावर एक काकू महिनाभराच्या गोळ्या न्यायला आल्या. (त्यांना विचारूनच लिहितेय.) ऐरोलीहून लोकलने ठाण्याला येतात. बाटली हातात पडली की आधी झाकण उघडून आत कापूस कोंबतात. गाडीत गोळ्या खुळखुळल्या की शेजारची बाई विचारते, "कसल्या हो?"

कापूस दाबता दाबता म्हणाल्या, "ताई, करोनाची लस वर्षात आली. आमच्या आजाराची का नाही?"

माझ्या पोटात कालवलं. मग खुर्ची जवळ ओढून सांगत बसले. लशीचा एक प्रकार म्हणजे डीएनए लस. तिच्यात विषाणू नसतोच. त्याच्या एखाद्या प्रथिनाची कृती लिहिलेला डीएनएचा तुकडा टोचतात. आपल्याच पेशी ते प्रथिन बनवतात आणि शरीर शत्रूला ओळखायला शिकतं. माणसांसाठीची अशी जगातली पहिली लस २०२१ मध्ये आपल्याच देशात मंजूर झाली, करोनावरची झायकोव्ह-डी.

एचआयव्हीवरही असे प्रयत्न खूप झाले. पुण्यात आणि चेन्नईत आधी डीएनए लस, मग दुसऱ्या प्रकारची, अशी छोटी चाचणी झाली. अमेरिकेत अडीच हजार स्वयंसेवकांवरची मोठी चाचणी २०१३ मध्ये थांबवावी लागली. लागण रोखली जात नव्हती. हा विषाणू सतत रूप बदलतो आणि पेशींच्या डीएनएतच घुसून लपतो. पण प्रत्येक चाचणीतून पुढच्यांना काहीतरी मिळालंय, हे मी मनापासून मानते.

काकूंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "मला नको, नातीला मिळू दे." बाटली पिशवीत तळाशी ठेवली, दोनदा हलवून पाहिली. आवाज आला नाही.