बिनसावलीचं खोकं

घरात मिक्सर येवो की बूट, माझा डोळा खोक्यावर. नाण्यांसारख्या छोट्या वस्तूंचे फोटो काढायला त्यात बिनसावलीचा उजेड करता येतो. खोकं उघडं तोंड पुढे करून ठेवायचं. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि माथ्यावर कटरनं खिडक्या पाडायच्या, कडेनं दोन बोटं पुठ्ठा राखून. त्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा. बटर पेपरही चालतो, पण पिवळसर निघाला तर फोटो आजारी दिसतो. आत पांढरं कार्डशीट मागच्या भिंतीवरून गोलाईत खाली सोडायचं. त्याला घडी पडली की वस्तूमागे उगाच क्षितिज उगवतं. दोन्हीकडच्या खिडक्यांबाहेर एलईडी बल्ब लावायचे, तेही एकाच जातीचे. एक पांढरा, एक पिवळा लावलात, तर वस्तूची एकच बाजू हळद लागल्यासारखी दिसते.

उघडा बल्ब म्हणजे नुसता ठिपका, त्याची सावली धारदार. तोच उजेड कागदावर पसरला की अख्खी खिडकी दिवा होते आणि सावलीच्या कडा विरून जातात. खिडकी वस्तूच्या जितकी जवळ, तितका उजेड मऊ. म्हणून नाण्यांना बुटाचंच खोकं बरं.

एवढं करूनही पांढरा कागद फोटोत करडाच येतो. कॅमेऱ्याची पक्की समजूत, की जग सरासरीनं करड्या रंगाचं आहे. समोर सगळं पांढरं दिसलं की तो बिचकून उजेड कमी करतो. मोबाइलवर वस्तूला बोट टेकवून सूर्याचं चिन्ह जरा वर सरकवायचं, झालं.

१९४३ ते ४७ मधला भोकाचा पैसा, कमळाचे पिवळे वीस पैसे, नागमोडी कडेचे दहा पैसे, सगळे या खोक्यात ऐटीत बसतात. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मात्र बसत नाही. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पण हातोहात झिजलेल्या तांब्यावर हा मऊ उजेड पडला की अक्षरं गायब, उरते काळपट चकती. झिजलेलं अक्षर सावलीवरच तर उभं असतं! मग एक बल्ब बंद करायचा, दुसऱ्या बाजूचा कागद काढायचा आणि बल्ब टेबलाला टेकेल इतका खाली आणायचा. उजेड घासत गेला की ‘छ’चं पोट वर येतं. शिलालेख वाचणारेही टॉर्च असाच कडेनं धरतात.

नथीची तऱ्हा आणखी वेगळी. पांढऱ्यावर पांढरे मोती, कडा सापडतच नाहीत. फोटोच्या चौकटीबाहेर दोन्हीकडे काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या की मोत्याच्या कडेला बारीक काळी रेघ येते आणि तो गोल दिसू लागतो. म्हणजे आधी खटपट करून हाकललेला काळोख पुन्हा मोजूनमापून आत घ्यायचा.

ताई नथी विकते, तिच्यासाठी हा उद्योग. फोटो मोठा करून म्हणाली, “अरे, मोत्यात तुझा मोबाइल दिसतोय.”

पुढच्या उघड्या बाजूलाही कार्डशीट लावलं, भिंगापुरतं भोक पाडून. आता मोत्यात नुसता एक काळा ठिपका दिसतो.

“तेवढं चालेल,” म्हणाली.