फाटकातच अडवलं

पेनसिल्व्हेनियाच्या वॉशिंग्टन काउंटीत मी पाण्याचे नमुने गोळा करायचं काम करते. मार्सेलस शेल या जमिनीखालच्या खोल खडकाच्या थरातला गॅस काढायला फ्रॅकिंग, म्हणजे दाबाने पाणी सोडून खडक फोडणं, 2004 साली याच काउंटीत सुरू झालं. नवी गॅसविहीर खोदायची ठरली की गॅस कंपनी आधी आसपासच्या घरांच्या बोअरचं पाणी तपासून घेते, आणि त्यासाठी आमची प्रयोगशाळा मला पाठवते. म्हणजे माझ्या कामाचे पैसे शेवटी कंपनीकडूनच येतात. लोकांना हे पक्कं ठाऊक असतं.

त्या दिवशी एका शेतकरी आजोबांनी मला फाटकातच अडवलं.

"तुम्हाला पैसे कोण देतं?"

मी खरं ते सांगितलं.

"मग परत जा. उद्या तुमचाच कागद दाखवून म्हणतील, यांचं पाणी आधीपासूनच खराब होतं."

त्यांची शंका उगाच नव्हती. इथल्या बऱ्याच बोअरमध्ये खोदकामाआधीही थोडा मिथेन असतो, आणि वाद पेटला की वकील त्यावरच बोट ठेवतात. शिवाय याच राज्यातल्या डिमॉक गावचं प्रकरण आजोबांना तोंडपाठ होतं. 1 जानेवारी 2009 ला तिथल्या एका घराच्या बोअरमध्ये मिथेन साचून स्फोट झाला. संबंधित कंपनीने कोर्टात आरोपांना आव्हान न देण्याची भूमिका घेतली ती थेट 2022 मध्ये. इतकी वर्षं ज्यांना आपल्याच नळाची भीती वाटली, त्यांना नुसतं "घाबरू नका" म्हणणं मला अपमानास्पद वाटतं.

पण नकार देण्यात त्यांचंच नुकसान होतं. राज्याच्या 2012 च्या कायद्यानुसार गॅसविहिरीपासून 2,500 फुटांच्या आतलं पाणी काम झाल्यापासून 12 महिन्यांत बिघडलं, तर दोष कंपनीचाच धरतात. तसं नाही, हे कंपनीने सिद्ध करायचं. मात्र घरमालकाने आधीची तपासणी नाकारली असेल, तर कंपनीला नेमकी तिथेच पळवाट मिळते. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवूच नका. तुमचा स्वतःचा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेसाठी माझ्या शेजारीच भरा." आजींनी लगेच फोन फिरवला आणि दुपारपर्यंत गावातून बाटल्या घेऊन आल्या.

बोअर बराच वेळ वाहू दिला. पाण्याचं तापमान स्थिरावल्यावर बाटली बादलीतल्या पाण्यात बुडवून भरली आणि पाण्याखालीच झाकण लावलं, कारण मिथेन मोजायचा तर एक बुडबुडाही आत जाऊन चालत नाही. बेरियम, स्ट्रॉन्शियम, क्लोराइडसाठी वेगळ्या बाटल्या. शेलमधून वर येणाऱ्या खारट पाण्यात हे भरपूर असतं, म्हणून पुढे तुलना करायला उपयोगी पडतं. आजोबा प्रत्येक लेबल वाचत होते.

स्वयंपाकघरात त्यांचा नातू नेब्युलायझर लावून बसला होता. टेकडीपलीकडच्या जुन्या पॅडवरून, म्हणजे गॅसविहिरींच्या सपाट केलेल्या जागेवरून, वर्षानुवर्षं गॅस निघतोय. आजींनी माझ्या बर्फाच्या पेटीत डोकावून विचारलं, "आणि हवेची बाटली कुठे आहे?"

ती नव्हती. कोणी मागितलेलीच नव्हती.

माझ्या मते खरा प्रश्न आजींनीच विचारला. पाणी दिसतं, वास मारतं, म्हणून सगळी भीती नळापाशी जमते आणि कायदाही तिथेच घुटमळतो. पिट्सबर्ग विद्यापीठाचे अभ्यास ऑगस्ट 2023 मध्ये जाहीर झाले होते. गॅस उत्पादनाच्या काळात विहिरींजवळच्या दमेकऱ्यांना तीव्र झटका येण्याची शक्यता 4 ते 5 पट, आणि एक मैलाच्या आत राहणाऱ्या मुलांमध्ये लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) शक्यता 5 ते 7 पट जास्त आढळली. बालपणीच्या ल्युकेमियाशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाशी, मात्र संबंध दिसला नाही. हे दोन्ही मी आजींना सांगितलं; घाबरवायला अर्धंच सांगणं मला पटत नाही. म्हटलं, नातवाच्या डॉक्टरांना पॅडचं अंतर आणि प्रत्येक झटक्याची तारीख केसपेपरवर लिहायला सांगा.

अहवाल आले. दोन्ही प्रयोगशाळांचे आकडे जुळले: मिथेन नाममात्र, बेरियम मर्यादेत, पण कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, सापडले. राज्यात खासगी बोअरची सक्तीची तपासणी नाही, त्यामुळे हे वर्षानुवर्षं कळतच नाही. आजोबांनी बोअरवर अतिनील दिवा बसवून घेतला. आजी टाउनशिपच्या (स्थानिक प्रशासनाच्या) सभेला गेल्या आणि नव्या पॅडच्या कुंपणाशी खोदकामाआधीच हवामापक यंत्र लावा, अशी लेखी मागणी देऊन आल्या. सोबत त्यांनी झटक्यांच्या तारखांची वही जोडली होती.