जॅकेटची चेन

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

आज घड्याळं एक तास मागे गेली म्हणून पहाटे पाचलाच जाग आली. आणि जाग आल्या आल्या डोक्यात काय, तर कालची चेन. जॅकेटची. मी ती का ओढली हेच मला अजून कळत नाहीये.

१०-२. आमची आइस हॉकीची टीम, सॅन होजे शार्क्स, काल पिट्सबर्गकडून घरच्याच बर्फावर एवढ्याने हरली. परवा गुरुवारी व्हँकुव्हरने १०-१ ने धुतलं तेव्हा वाटलं होतं की याच्या खाली आता काही जाणार नाही. दोन दिवसांत परत दहा. दोन मॅचमध्ये वीस गोल खाल्ले आणि घातले तीन. सीझन सुरू झाल्यापासून अकरा मॅचेस झाल्या, एकही जिंकलेली नाही, एक ओव्हरटाइममध्ये गेली म्हणून त्याचा एक पॉइंट, बस. बरं, पिट्सबर्गचं तरी काही फार छान चाललंय असंही नाही, तेही नऊपैकी सहा हरून आले होते. आणि वर कार्लसन. मागच्या सीझनला आमच्याकडे असताना डिफेन्समन असून गोल आणि असिस्ट मिळून १०१ पॉइंट्स केले, सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी मिळाली आणि ऑगस्टमध्ये गेला तिकडे. काल पहिल्यांदा पाहुणा म्हणून आला. आमचे मोठे खेळाडू एकेक करून, बर्न्स गेला, मायर गेला, हा गेला, कूचर दुखापतीने बसलेला. माहितीये सगळं, रीबिल्ड म्हणतात त्याला, जुनी टीम मोडून नवी बांधायची, आमचा जनरल मॅनेजर ग्रायर मुद्दाम करतोय आणि एका अर्थी बरोबरच करतोय. पण बर्फावर जी पोरं उभी आहेत ती काही मुद्दाम हरत नाहीयेत ना. दहावा गोल गेल्यावर गोलकीपर जाळीवरची पाण्याची बाटली उचलतो, घोटभर पितो, परत जागेवर ठेवतो आणि वाकून उभा राहतो. मला ते बघवत नव्हतं.

तरी दुःख हरण्याचं नाही, हरण्याची सवय झालीय.

मॅच संपल्यावर आम्ही दिरिडॉन स्टेशनला कॅलट्रेनसाठी, म्हणजे इथल्या लोकलसाठी, खालच्या बोगद्यातून चाललो होतो. मागे चौघं-पाचजण काळ्या-पिवळ्या जर्सीतले, पिट्सबर्गवाले. ते मोजत होते, एका पावलाला एक आकडा, वन, टू, थ्री असं दहापर्यंत, आणि दहा झाले की आरडाओरडा आणि परत एकपासून. बोगद्यात आवाज केवढा घुमतो. धाकट्याच्या अंगात शार्क्सच्या हर्टलची ४८ नंबरची जर्सी, माझ्या अंगात जुन्या मार्लोची १२. त्यातला एकजण पुढे जाताना धाकट्याकडे वळून म्हणाला, बडी, अजून वेळ गेली नाही, टीम बदल. वाईट नाही बोलला, हसून बोलला, पाठीवर हलकं थोपटलंसुद्धा. धाकटा काहीच बोलला नाही. आणि मी चेन वर ओढली. पार गळ्यापर्यंत.

गाडीत बसल्यावर धाकट्याने विचारलं, आई, थंडी वाजतेय का? मी म्हटलं, हो.

डब्यात हीटर चालू होता, थंडी कसली वाजतेय.

सनीव्हेलपर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला. त्याच्या अंगावर जॅकेट नव्हतंच, मांडीवर होतं. म्हणजे सबंध डब्यात शार्क्सच्या मोरपंखी रंगात तो एकटाच.

ह्याला रात्री सांगितलं तर म्हणाला, अगं चेनच लावलीस ना, एवढं काय त्यात. त्याच्या डोक्यात सध्या वेगळंच चालू आहे, ऑफिसातून त्या मेलनंतर अजून काही कळवलेलं नाही, त्यावर आज नको. पण मला ते 'एवढं काय' पटलं नाही.

कारण मला आठवतंय ना की मी कधीच कशाची चेन ओढलेली नाही. २०२० ला ॲडलेडला आपण ३६ ला ऑलआउट झालो तेव्हा ऑफिसातल्या त्या ऑस्ट्रेलियन माणसाने आठवडाभर मला थर्टीसिक्स म्हणून हाक मारली, मी प्रत्येक वेळी ओ देत होते, राग आला पण लाज नाही वाटली. महिन्याभरात गाबाला जिंकलो तो भाग वेगळा. तेव्हा लपवावंसं वाटलं नाही आणि काल का वाटलं? पहाटेपासून हेच उगाळतेय. मला वाटतं क्रिकेट माहेरचं आहे. ते जन्मापासून आहे, त्याच्यावरून कोणी हसलं तरी माझं त्याच्याशी असलेलं नातं कोणी विचारत नाही. शार्क्स मी इथे येऊन, तिशी उलटल्यावर, स्वतः निवडलेत. त्यामुळे कोणी हसलं की आतून एक आवाज येतो, तुला कोणी सांगितलं होतं? तुझा काय संबंध? आणि काल त्या बोगद्यात त्यांच्यापैकी कोणी ते विचारेल अशी मला भीती वाटली. विचारलं कोणीच नाही. मीच घाबरले.

आणि संबंध नाही कसा? २३ एप्रिल २०१९, व्हेगासबरोबर गेम सेव्हन, सिरीजची शेवटची निर्णायक मॅच, त्या रात्री मी त्या टँकमध्ये, म्हणजे शार्क्सच्या स्टेडियममध्ये, होते. ३-० ने मागे, दहा-अकरा मिनिटं राहिलेली, आमचा कॅप्टन पव्हेल्स्की डोक्यावर आपटला आणि बर्फावर रक्त. सतरा हजार माणसं आणि चिडीचूप. मग व्हेगासला पाच मिनिटांची पेनल्टी, म्हणजे त्यांचा एक खेळाडू कमी, आणि त्या पाच मिनिटांत आमचे एक, दोन, तीन, चार गोल. व्हेगासने शेवटच्या मिनिटात बरोबरी केली ती केली, पण ओव्हरटाइममध्ये आमच्या गुड्रोने घातला. शेजारी एक म्हातारी बाई होती, ओळखदेख काही नाही, तिने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते, आणि गोल झाल्यावर आम्ही दोघी रडत होतो. तिच्या हाताला पॉपकॉर्नचं बटर होतं. तोपर्यंत तेरा वर्षं या देशात राहत होते, पण ह्या गावात कोणी माझे हात असे धरले नव्हते. व्हेगासवाले अजून म्हणतात ती पेनल्टीच चुकीची होती, लीगने नंतर त्यांची माफी मागितली हेही खरं. पण म्हणून ते हात खोटे होत नाहीत.

२०१६ मध्ये पिट्सबर्गने फायनल जिंकली तीसुद्धा इथेच, आमच्याच बर्फावर कप उचलला होता. तेव्हाही हसले होते लोक, पण तेव्हा निदान आम्ही फायनलला होतो.

सकाळी सातला फोन बघितला तर आमच्या ग्रुपवर दीडशे मेसेज. आफ्रिका ८३ ला ऑलआउट, कोहलीची वाढदिवसाला ईडनवर सेंच्युरी, ४९वी. दादाने रडणाऱ्या बाळाचं चित्र टाकून खाली आफ्रिका लिहिलेलं. एरवी मी लगेच हसणारे चेहरे टाकले असते, आज हात थांबला. गुरुवारी सकाळी वानखेडेवर लंकेचं झालं, ३ धावांत ४ गेले आणि ५५ ला सगळे आउट, तेव्हा मीच तर तीन मीम्स फॉरवर्ड केली होती. आणि नंतर ऑफिसात, आमच्या टीममधल्या कोलंबोच्या मुलीला मी विचारलं होतं की काय गं, रात्री जागलीस की लवकर झोपलीस? सगळ्यांसमोर. हसून. त्या काल धाकट्याला थोपटणाऱ्यासारखंच हसून. ती म्हणाली, झोपले. मग लॅपटॉपकडे वळली. शुक्रवारी ती घरून काम करत होती, त्याचं कारण काहीही असेल, पण मला उद्या तिच्याशी बोलायचंय. काय बोलायचं ते माहीत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी व्हँकुव्हरकडून मार खाल्ला होता आम्ही, त्याच दिवशी.

ते पिट्सबर्गवालेसुद्धा इथेच राहणारे असतील, आमच्यासारखे नोकरीपायी आलेले. वर्षातून एकदाच त्यांची टीम इथे येते. मी इंडियाच्या मॅचला निळा कुर्ता घालून बसते ना, तसंच ते. त्यांच्यावरचा राग दुपारपर्यंत बराच उतरला. माझ्यावरचा नाही उतरला.

धाकटा म्हणतो हरलेलंच बरं आई, शेवटचा नंबर आला की पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो मॅकलिन सेलेब्रिनी मिळेल. त्याला समजावलं की शेवटच्या नंबरलाही पहिल्या पिकचा, पहिल्या निवडीचा, चान्स २५.५ टक्केच असतो, लॉटरी आहे ती, आणि त्यासाठी आपण आपल्याच टीमच्या विरुद्ध कसं बसायचं? तर म्हणाला, मी कुठे विरुद्ध बसतो, मी तर काल नऊ गोल खाल्ल्यावरपण चॉम्प करत होतो. खरं आहे. दोन्ही हात समोर ताठ करून जबड्यासारखे उघडझाप, आमच्या रांगेतले निम्मे लोक उठून गेलेले आणि हा एकटा हात हलवतोय. मी त्याच्याबरोबर केलं होतं का? पहिल्या पिरियडला केलं होतं. नंतरचं आठवत नाही.

भाजणी अजून दळून आणलेली नाही, दिवाळी आठवड्यावर आली. आईच्या गुडघ्याचा रिपोर्टही आलाय, फोन करायचाय.

दुपारी दोन्ही जर्स्या हाताने धुतल्या. आई माझ्या जर्सीचा रंग बघून म्हणाली होती, हा तर आपल्या पैठणीचा रंग. पॅटिओत वाळत घालताना धाकटा चिमटे द्यायला आला. मी म्हटलं, काल मला थंडी वाजत नव्हती रे.

म्हणाला, माहितीये.

मग थोड्या वेळाने विचारलं, मंगळवारी कोण आहे? म्हटलं, फ्लायर्स. इथेच. दुसऱ्या दिवशी शाळा आहे हे दोघांनाही माहीत होतं, कोणी काढलं नाही. तीन तिकिटं काढलीत, वरच्या रांगेतली. ह्याला अजून सांगितलं नाहीये.