झाकणाखालची वायर

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण ज्याने काढली, त्याने मांसाचा मोठा तुकडा कधी विस्तवावर ठेवला नसणार. भाताची सगळी शितं एकाच आधणात शिजतात. एक चेपून पाहिलं की पातेल्याचा निकाल लागला. चार किलोचा पोर्क शोल्डर, म्हणजे डुकराच्या खांद्याचा तुकडा, इतका शिस्तीचा नसतो. वरून काळपट, खमंग कवच आलेलं असतं, बोटभर आत बरं चाललेलं असतं आणि गाभा अजून गारच. बाहेरून बघून काही म्हणता काही कळत नाही. डॅलसच्या आसपासच्या आमच्या उपनगरांत शनिवार आला की कुणाच्या ना कुणाच्या मागच्या अंगणातून धूर निघतोच, आणि आता मराठी घरांतही मिसळणाच्या डब्याशेजारी मांसाचा थर्मामीटर नांदायला लागला आहे.

तो घ्यायचा ठरला की पहिला प्रश्न: वायरवाला की वायरलेस? पार्टीत पुरुषांचं टोळकं ग्रिलभोवती जमलं की या विषयावर तासभर सहज जातो. व्हिसाचा विषय निघण्यापेक्षा हा बरा.

वायरवाला प्रोब म्हणजे स्टीलची सुई, तिच्या शेपटाला बारीक स्टीलच्या तारांची वेणी घातलेली वायर आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला आकडे दाखवणारी डबी. सुईच्या टोकात थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमानाप्रमाणे विजेला कमीजास्त अडवणारा तुकडा, नाहीतर थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा जोड. हा जोड तापला की किंचित विजेचा दाब तयार होतो; हा परिणाम शास्त्रज्ञ झेबेक यांनी १८२१ मध्येच पाहून ठेवलं होतं. आत ना बॅटरी, ना रेडिओ. बिघडायला फारसं काही नाहीच. तरी बिघडतो, आणि बहुधा एकाच जागी: सुई आणि वायर जिथे चिमटवून जोडलेली असते तिथे. जेवणं झाल्यावर कुणीतरी मदत म्हणून सगळी भांडी सिंकमध्ये टाकतं, त्यात हाही जातो. त्या जोडातून पाण्याचा थेंब आत शिरतो आणि पुढच्या वेळी गार मांसात खुपसताक्षणी डबी भलताच आकडा दाखवते, किंवा नुसत्या आडव्या रेषा. सुई मंद ओव्हनमध्ये वाळवली तर कधीकधी परत शुद्धीवर येते. ग्रिलच्या झाकणाच्या कडेखाली वायर चेपली गेली, तर मात्र नवी आणायची.

ते झाकण हाच या वादातला खरा खलनायक. शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली पाण्यावर तरंगणाऱ्या लोखंडी बोयाचे अर्धगोल घेऊन झाकणाची शेगडी बनवली. वारा-पाऊस बाहेर राहिला, धूर आत राहिला आणि अमेरिकेच्या अंगणांत गोल किटली ग्रिल आलं. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की पुढे कुणी त्या लोखंडी गोळ्याच्या आतून वायरलेस प्रोबचं ब्लूटूथ बाहेर काढायला बघणार आहे! बंद धातूच्या डब्यातून रेडिओ लहरी जात नाहीत. जो काही सिग्नल मिळतो, तो झाकणाच्या फटीतून आणि हवेच्या भोकांतून झिरपलेला. त्यातून ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्याला फार लवकर दमते, आणि मांस म्हणजे बहुतांशी पाणीच. पुढे आमच्या घरांच्या विटांच्या भिंती आणि ऊन परतवणारा धातूचा मुलामा दिलेल्या काचा. खोक्यावर लिहिलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं. सोफ्यापर्यंत पोचता पोचता त्याचा जीव जातो. म्हणून चार्जिंगची डबीच मध्यस्थ म्हणून ग्रिलजवळ ठेवायची सोय काहींनी केली आहे, तर काही नव्या प्रोबनी ब्लूटूथ सोडून कमी फ्रीक्वेन्सीची लहर धरली आहे.

एवढं असूनही वायरलेस प्रोब ही अफलातून चीज आहे, हे कबूल करायला हवं. बोटाएवढ्या कांडीत सेन्सर, बॅटरी आणि अँटेना, आणि हे सगळं निखाऱ्यावर. बॅटरी आणि चिप निखाऱ्यावर जगतात कशा? तर मांसामुळे! कांडीवर एक खूण असते, तिथपर्यंत ती आत घालायचीच. नाजूक भाग मांसाच्या पोटात राहतो, आणि मांसात पाणी आहे तोवर ते २१२ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे पाणी उकळण्याच्या, वर जात नाही. जे शिजवायचं, तेच यंत्राचं रक्षण करतं. आग सोसायला बाहेर राहते ती फक्त सिरॅमिकची शेपटी. पण म्हणूनच चिकनची तंगडी, टिक्का, कोळंबी असल्या किरकोळ मालाला ही कांडी कुचकामी. आपल्याकडची निम्मी पार्टी या किरकोळ मालावरच चालते. पनीर आणि मक्याच्या कणसांची वेगळी जाळी धरली तर निम्म्याहूनही जास्त. त्या जाळीला कुठलाच थर्मामीटर लागत नाही, आणि गर्दी मात्र तिथेच.

शेपटीत दुसरा सेन्सर असतो, तो म्हणे ग्रिलच्या हवेचं तापमान सांगतो. त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. गार, ओल्या मांसाला चिकटून बसलेला सेन्सर हवा कमीच गरम दाखवणार. आकडा कमी दिसला म्हणून लोक कोळसे वाढवतात आणि मग कडा करपल्या म्हणून मसाल्यातल्या साखरेला बोल लावतात. वायरवाल्या सेटमधला एक प्रोब क्लिपने जाळीवरच, मांसापासून दोन बोटं लांब लावता येतो. हवा मोजायची तर अशी. एक मात्र मान्य: सळीवर फिरणारी अख्खी कोंबडी असेल, तर वायर तिच्याभोवती गुंडाळली जाणार. तिथे वायरलेसला तोड नाही.

मोठ्या तुकड्याची गंमत दीडशे अंशांच्या पुढे सुरू होते. तोवर भराभर चढणारा आकडा थबकतो आणि तासन्‌तास हलत नाही. मांसाचा पृष्ठभाग घाम गाळत असतो आणि बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडते. अ‍ॅप बिचारं हिशेब करून सांगतं, अजून दोन तास. तासाभराने बघावं, तर अजून तीन तास. पाहुणे सातला यायचे असतात, आणि यजमान फोन हातात धरून घरभर फिरत असतो. यावर उपाय म्हणजे मांस अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये नाहीतर खाटकाच्या कागदात गुंडाळायचं. फॉइलमध्ये कांडीची शेपटी झाकली गेली की सिग्नलही गुंडाळला जातो, हे लक्षात ठेवायचं.

मला विचाराल तर आगीत वायर असावी आणि आगीबाहेर हवा. मांसापासून डबीपर्यंत वायर, आणि डबीपासून घरापर्यंत रेडिओ. असे संच ब्लूटूथच्या कांड्या यायच्या आधीपासून मिळतात. वायर गेली तर तेवढीच बदलायची; कांडीतली बॅटरी कायमची गेली तर अख्खी कांडी कचऱ्यात. एकच तोटा. आकडा स्वयंपाकघरातही दिसायला लागला, की ‘लक्ष ठेवायला हवं’ म्हणून बाहेर खुर्ची टाकून बसायचं कारण हातचं जातं. “आतून दिसतंय सगळं, तेवढी कोथिंबीर निवडून द्या,” असं ऐकावं लागतं.

शेजारचे टेक्सन आजोबा यातलं काहीच वापरत नाहीत. पोस्ट ओक या झाडाची लाकडं लावून ते रात्रभर ब्रिस्केट, म्हणजे गाईगुरांच्या छातीचं मांस, धुरावतात आणि सकाळी एक बारीक सळई खुपसून बघतात. ती लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं. मोजून पाहिलं तर तेव्हा आकडा दोनशेच्या आसपास असतो; मांसातलं चिवट कोलॅजन तोवर जिलेटिन होऊन विरघळलेलं असतं.

नवा प्रोब मात्र मटणाच्या राणेवरच, म्हणजे अख्ख्या मांडीवरच, पारखावासा वाटतो. इथल्या सरकारी शिफारशीप्रमाणे चिकनला १६५ अंश, आणि लँबच्या, म्हणजे कोवळ्या मेंढीच्या, अख्ख्या तुकड्याला १४५, वर तीन मिनिटं विश्रांती. आधी बर्फाच्या पाण्यात धरून प्रोब ३२ दाखवतो ना हे बघितलं, टोक हाडाला टेकणार नाही असं बेताने घातलं आणि बरोबर १४५ ला राण उतरवली. कापली तर आतून सुरेख गुलाबी. सासूबाई कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांचं मटण बोकडाचं, जून, हाडापासून सुटेपर्यंत शिजवायचं. म्हणजे हिशेबाने त्याही टेक्सन आजोबांच्याच पक्षातल्या. त्यांनी आधी ताटातला तुकडा पाहिला, मग टेबलावरची डबी पाहिली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “जावईबापू, हे आतनं लालच आहे की हो. कुकरला लावू का?”