पट्टीवर नंबर २, ४, ६, ८

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याला मी पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशोब, छापायची सोय करून दिलीय. त्याच्या सॉफ्टवेअरमधून सौद्याचं एक्सएमएल (टॅग लावून लिहिलेला डेटा) येतं, माझी एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा) त्याची साधी टेक्स्ट फाईल करते आणि ती प्रिंटरला जाते. परवा सकाळी सकाळी फोन, "अहो, एक, तीन, पाच नंबरचे लॉट कुठं गेले?" काउंटरवर शेतकरी उभा आणि त्याला वाटतंय निम्मी हळद गायब!

लॉट सगळे होते ओ. झालेलं असं की आधी एक्सएमएल एका ओळीत यायचं, सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि ते छान इंडेंट होऊन यायला लागलं, म्हणजे दोन लॉटच्या मधे एक एंटर आणि चार स्पेस. आपल्याला ती मोकळी जागा, एक्सएसएलटीला मात्र तो अख्खा टेक्स्ट नोड, म्हणजे मजकुराचा एक वेगळा तुकडा. आणि मी अप्लाय-टेम्प्लेट्सला (आतल्या तुकड्यांवर नियम लावायची आज्ञा) सिलेक्ट, म्हणजे नेमके कुठले तुकडे घ्यायचे ते, दिलेलंच नव्हतं, मग पोझिशन (कितवा तुकडा तो नंबर, तोच पट्टीवर छापला जातो) मोजताना मोकळ्या जागेला १, लॉटला २, परत मोकळ्या जागेला ३...

सिलेक्टमध्ये लॉट लिहिलं असतं तर विषय संपला असता. पण घाईत मी वरती स्ट्रिप-स्पेस (नुसत्या मोकळ्या जागेचे तुकडे काढून टाकणारी आज्ञा) टाकलं, तेही स्टार देऊन, म्हणजे सगळ्या टॅगांना. नंबर सुधारले आणि खालच्या टीपेत 'राजापुरी हळद'चं 'राजापुरीहळद' झालं, कारण दोन्ही शब्द वेगवेगळ्या टॅगात आणि मधली स्पेस एकटीच, ती पण उडाली. मग टीपेपुरतं प्रिझर्व्ह-स्पेस, म्हणजे तिथली स्पेस राखून ठेव.

हे झालं डेटाचं. स्टाइलशीटच्या, म्हणजे मी लिहिलेल्या एक्सएसएलटीच्या, स्वतःच्या फाईलमध्ये उलटा न्याय, तिथं नुसती मोकळी जागा आपोआप उडते, एक्सएसएल-टेक्स्ट या टॅगमधली सोडून. पण तिला एखादं अक्षर चिकटलेलं असलं की आजूबाजूचे सगळे एंटर-स्पेस जसेच्या तसे छापले जातात. माझं 'दर:' एकदा असंच खालच्या ओळीत जाऊन बसलेलं, कितीतरी वेळ मी प्रिंटरलाच शिव्या घालत होतो. १९९९ च्या एक्सएसएलटी १.० पासून हा नियम आहे, वाचायचा कंटाळा माझा.

एवढं करूनही एका शेतकऱ्याचं नाव खात्याशी जुळेना. जादा स्पेस आवरून एकच ठेवणारं नॉर्मलाइझ-स्पेस लावलेलं, तरी नाही. शेवटी एकेक कॅरेक्टर उघडून बघितलं तर नाव आणि आडनावाच्या मधे १६० नंबरची नॉन-ब्रेकिंग स्पेस (दिसायला साध्या स्पेससारखीच, पण तिथं ओळ तुटत नाही), कुणीतरी वर्डमधून कॉपी मारलेली. एक्सएमएल तिला व्हाइटस्पेस, म्हणजे मोकळी जागा, धरतच नाही, त्यामुळं नॉर्मलाइझ-स्पेस तिला हातही लावत नाही. आधी ट्रान्सलेटनं (एका अक्षराच्या जागी दुसरं टाकणारं फंक्शन) ती साधी स्पेस केली, मग जुळलं.