मुलुंडला उतरलेल्या काकांना

गेल्या महिन्यात संध्याकाळच्या धीम्या कल्याण लोकलमध्ये, अपंगांच्या डब्यात, कुबडी काखेत धरलेल्या एका काकांनी मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्यावर लिहिलं होतं, 'तुम्ही बहिरे लोक म्हणता, आम्ही अपंग नाही. हातपाय धड आहेत. मग या डब्यात कशाला चढता? लेडीज डबा आहे की.' मी उत्तर टाइप करेपर्यंत मुलुंड आलं आणि काका उतरून गेले.

काका, तुम्ही विचारलंत म्हणून हे लिहिते. खरं तर हाच प्रश्न मला ऑफिसात, लग्नात, सोसायटीच्या जिन्यातही विचारतात. पण तिथे तो गोडीगुलाबीने येतो. 'तुम्हाला स्वतःला काय वाटतं हो, हे अपंगत्व आहे का?' तुमच्याइतकं रोखठोक कोणी विचारत नाही.

कागदापुरतं उत्तर सोपं आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांचा श्रवणदोष ७० डेसिबलच्या घरात गेला की माणूस बधिर, ६० ते ७० मध्ये असला तर ऐकू कमी येणारा. सवलतींसाठी ४० टक्के अपंगत्व लागतं. माझ्या कार्डावर १०० आहेत. एवढे मार्क मला दुसऱ्या कशात पडले नाहीत. रेल्वेच्या सवलतीची मात्र गंमत आहे. तिथे नुसतं बधिर असून भागत नाही, मूकही असावं लागतं, दोन्ही एकाच माणसात. आमच्या शाळेने आरशासमोर बसवून, गळ्यावर हात ठेवायला लावून, 'प' म्हणताना कागदाचा कपटा हलतो का ते बघत मला वर्षानुवर्षं बोलायला शिकवलं. ते बोलणं घराबाहेर कोणाला धड कळत नाही, म्हणून सवलतीचा कागद मिळाला. तरी टीसी डब्यात शिरला की मैत्रिणी माझ्याकडे बघून डोळे वटारतात. तोंड उघडू नकोस!

आता कागदाबाहेरचं. थोरल्याच्या वेळी पोटुशी असताना एका दवाखान्यात तपासणीला गेले होते. नाव पुकारतील तेव्हा आत जायचं. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, ती मी दोन तास राखली. माझं नाव चारदा पुकारून झालं होतं म्हणे. त्या दोन तासांत मी अपंग होते, यात शंका नाही. पण दारावर नंबर दाखवणारा एक दिवा असता, तर मी बाकीच्या बायकांसारखीच कंटाळून बसलेली एक पोटुशी बाई असते, एवढंच. स्टेशनावर ऐन वेळी फलाट बदलल्याची घोषणा होते, माणसं जिन्याकडे धावत सुटतात आणि मी त्यांच्या पाठी धावते, कुठे चाललोय ते न कळता. तिथेही तेच.

घरचं थोडं वेगळं. बधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, मीही त्यातलीच. आईने डब्यांवर, कपाटावर, देव्हाऱ्यावर चिठ्ठ्या चिकटवून मला मराठी वाचायला शिकवलं, म्हणून आज हे लिहिता येतंय. पण जेवताना घरात हशा पिकला आणि मी 'काय झालं?' विचारलं, की उत्तर ठरलेलं. 'काही नाही गं, नंतर सांगते.' ते नंतर कधी उगवलं नाही. आमच्यातल्या कोणालाही विचारा, प्रत्येकाच्या घरात हे वाक्य आहे.

म्हणून तो डबा, काका. मी दादरला चढते, माटुंग्याला एक जण येतो, कुर्ल्याला दोघी. कितवी लोकल ते व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच ठरलेलं असतं. एक जण तर राहतो चेंबूरला, पण ठाण्यापर्यंत येऊन परत जातो, नुसता गप्पांसाठी. पगार, सासू, क्रिकेट, कोणाचं कोणाशी जुळलंय, सगळं हातांवर. प्रश्नाचा 'काय', 'कधी', 'कुठे' आमच्या भाषेत शेवटी येतो आणि भुवया त्याला साथ देतात. गर्दी वाढली की एक हात दांडीला जातो, मग उरलेल्या हाताने आम्ही तोतरं बोलतो. शेजारच्या रुळावर दुसरी लोकल थांबली आणि तिच्यात ओळखीचा बधिर दिसला, तर दोन खिडक्यांच्या गजांमधूनही निवांत बोलणं होतं. हे तुम्हाला जमायचं नाही. तर अडचण अशी, की अपंग असल्याचा कागद दाखवून मी जिथे शिरते, नेमकी तिथेच मी अपंग उरत नाही. त्या कोपऱ्यात ज्याला काही कळत नाही तो ऐकणारा. आणि कबूल करते, कोणी 'काय चाललंय?' असं खुणेने विचारलं की आम्हीही हात हलवून मोकळे होतो. काही नाही, नंतर सांगतो.

ही भाषा आम्ही शाळेत बाकाखाली हात लपवून शिकलो. वरच्या वर्गातल्या मुलींनी शिकवली. बाईंनी पाहिलं तर हातावर पट्टी. त्या पट्टीचं मूळ पार इटलीत आहे. १८८० मध्ये मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला, की या मुलांना खुणांनी नाही, तोंडी बोलण्यानेच शिकवायचं. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. पुढे २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला. आपल्याकडे दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी सरकारी संस्था निघाली ती २०१५ मध्ये, आणि तिच्या शब्दकोशात आता दहा हजार शब्द आहेत. तोवर माझ्या हातावरचे वळ कधीच गेले होते.

सगळे बधिर माझ्यासारखंच म्हणतील, असं नाही. माझे सासरे साठीपर्यंत भजनी मंडळात टाळ वाजवायचे. मग ऐकणं हळूहळू कमी होत गेलं आणि त्यांनी मंडळात जाणं सोडलं. मी त्यांना चार खुणा शिकवायला गेले तर त्यांनी हात मागे घेतले. त्यांचे कान गेले; माझे कधी आलेच नव्हते. त्यांना हा प्रश्न विचारलात तर ते क्षणात 'हो' म्हणतील, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. उलट आमच्या टोळीतला बॅडमिंटनवाला हा विषय निघाला की हटकून सांगतो, की पॅरालिम्पिकमध्ये बधिरांचा गटच नसतो, आमच्या जागतिक स्पर्धा १९२४ पासून वेगळ्या भरतात. मग मी त्याला खिशातलं कार्ड दाखवायला सांगते.

डब्याचं नावही दर काही वर्षांनी बदलतं. आधी अपंग, आता दिव्यांग. आम्हीही मूकबधिरचे कर्णबधिर झालो. पाटी रंगवणाऱ्याचं बरं चालतं.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर होतं, काका. तुम्ही घाटकोपरपासून कुबडीवर उभे होतात आणि आमच्यातला एक खिडकीशी बसून हात नाचवत होता. तो मुद्दाम बसून राहिला नव्हता. तुमच्याकडे त्याची पाठ होती, तुम्ही मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोचली नाही आणि माझंही लक्ष त्याच्याच हातांकडे होतं. पुढच्या वेळी सरळ खांद्यावर थाप मारा. जरा जोरात मारलीत तरी चालेल, आम्ही एकमेकांना हाक तशीच मारतो. साडेसहानंतरची कल्याण, नेहमीचा डबा.