दहा गुण मिळायच्या आधी

साडेबारा वाजून गेलेत. 'इन दि एरोप्लेन ओव्हर द सी' आज दोनदा सलग ऐकला. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकी बँडचा हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा स्टुडिओ अल्बम. १९९७ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरला निर्माता रॉबर्ट श्नायडरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, फेब्रुवारी १९९८ मध्ये मर्ज रेकॉर्ड्सने काढला. प्रती निघाल्या मोजक्या हजार. 'रोलिंग स्टोन' मासिकाने पाचातले तीन तारे दिले, 'पिचफोर्क' या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने दहापैकी ८.७. पुढे २००५ मध्ये अल्बम नव्याने बाजारात आला तेव्हा याच पिचफोर्कने पैकीच्या पैकी दहा दिले.

मधल्या सात वर्षांत रेकॉर्डिंगमधला एक सूरही इकडचा तिकडे झालेला नाही. तरी तीन तारे देणाऱ्यावर मला रागावता येत नाही. पहिल्यांदा ऐकला तेव्हा दुसऱ्या गाण्यात बँडचा गायक-गीतकार जेफ मँगमने गळा काढला आणि मी बंदच केला होता. इतकं उघडं गाणं ऐकायची सवय नव्हती. पुन्हा हात लावायला वर्ष गेलं.

आज लक्ष होतं ते गिटारकडे. साधी अकूस्टिक गिटार, माईक तिच्या अगदी जवळ, आणि प्रीॲम्पमध्ये, म्हणजे माईकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रात, आवाज इतका चढवलेला की तो कडेकडेने फाटतो. त्या खरखरीवर स्कॉट स्पिलेनची पितळी वाद्यं येतात, कुठल्या तरी अंत्ययात्रेच्या बँडसारखी. आणि ज्युलियन कॉस्टरची करवत! खरीखुरी सुतारकामातली करवत, वाकवून व्हायोलिनसारखी गजाने वाजवलेली. लांबून कुणी बाई रडतेय असं वाटतं.

यातली बरीच गाणी ॲन फ्रँकची डायरी वाचून हललेल्या माणसाने लिहिलीत. काळाच्या पलीकडे जाऊन तिला वाचवावं, ही त्याची इच्छा शब्दाशब्दांत आहे. रोजनिशी लिहिताना हे आठवलं की पेन जरा थांबतं.

१९९८ च्या दौऱ्यानंतर बँड थांबला. मँगम कित्येक वर्षं जवळजवळ दिसलाच नाही, एकत्र दौरा झाला तो थेट २०१३ मध्ये. तो नाहीसा झाला म्हणून अल्बमचं नाव झालं, असं लोक बोलतात. मला नाही पटत. गायब होणारे गायक पुष्कळ असतात. २००८ मध्ये, दहा वर्षांनी, अमेरिकेत सर्वाधिक खपलेल्या विनाइल तबकड्यांच्या पहिल्या दहांत हा अल्बम होता. गूढापोटी माणूस एकदा ऐकेल, तबकडी विकत घेऊन घरात ठेवणार नाही. ती ठेवली जाते ती 'ओ कमली' या आठ मिनिटांच्या लांब गाण्यासाठी. मँगमने ते गिटारसह एका दमात गायलं, आणि शेवटी मागून कुणीतरी अवाक होऊन ओरडलेलं ऐकू येतं. त्या आरोळीइतकं खरं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

शेवटचं गाणं संपलं तरी आज मी हेडफोन काढले नाहीत. मँगम गिटार खाली ठेवतो. लाकडाचा हलका आवाज. मग तो उठून जातो, ती पावलं.